शाफ्टकडची खोली कुणाच्या वाट्याला?

मागच्या अंकात मोठ्या शहरातल्या छोट्या बुटीक हॉटेलांबद्दल मी ओझरत्या दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेक पत्रं तक्रारीची आहेत. मी 19 वर्षं हॉटेलांच्या रिसेप्शनवर उभी होते, त्यातली शेवटची 9 वर्षं 32 खोल्यांच्या एका बुटीक हॉटेलात. त्यामुळे ही उत्तरं काउंटरच्या आतल्या बाजूनं दिलेली आहेत. आमच्या जुन्या मॅनेजरसाहेबांना ती आवडतील असं वाटत नाही.

प्रश्न : आम्ही दोघांनी तीन रात्रींसाठी एक छोटं बुटीक हॉटेल ठरवलं. वेबसाइटवर ‘कोझी डबल, कोर्टयार्ड व्ह्यू’ असं लिहिलं होतं आणि फोटोत खोली चांगली ऐसपैस दिसत होती. प्रत्यक्षात एक बॅग उघडली की दुसरी उघडायला जागा उरत नव्हती. खिडकीबाहेर हात केला तर समोरची भिंत. शिवाय पहाटे साडेपाचपासून भिंतीत कुणी घागरी ओतत असल्यासारखा आवाज. तक्रार केली तर म्हणाले, सगळं वेबसाइटवर लिहिलेलं आहे. ताई, आमची फसवणूक झाली का?

फसवणूक म्हणता येत नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. त्यांनी सगळं लिहिलं होतं, पण त्यांच्या बोलीत. ‘कोझी’ म्हणजे त्या हॉटेलातली सगळ्यात लहान खोली. ‘कोर्टयार्ड व्ह्यू’ म्हणजे क्वचित खरोखरचं अंगण, आणि बरेचदा शाफ्ट. इमारतीच्या पोटात उजेड-वाऱ्यासाठी सोडलेली चौकोनी विहीर. ‘सिटी व्ह्यू’ म्हणजे खिडकी रस्त्याकडे आहे, एवढंच. त्यातून शहर दिसेल की समोरच्या ऑफिसात डबा खाणारा माणूस, याची हमी नाही.

फोटोंचं म्हणाल तर ते खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून, वाइड अँगल लेन्सनं काढतात. आमच्याकडे फोटोग्राफर आला तेव्हा मी दिवा धरून बाथरूममध्ये उभी होते, कारण तो, त्याचा ट्रायपॉड आणि मी एवढे सगळे खोलीत मावत नव्हतो. फोटोत मात्र तिथे फुगडी घालता येईल असं वाटतं.

तेव्हा फोटो बाजूला ठेवा आणि आकडा बघा. समजा, 14 चौरस मीटर लिहिलंय. म्हणजे साधारण 150 चौरस फूट. यात बाथरूम आणि दारातली बोळकंडी सहसा धरलेली असते, हे लक्षात घ्या. बाथरूमचे 35 वजा करा. किंग बेड 76 बाय 80 इंचांचा, म्हणजे 42 चौरस फूट. तेही वजा करा. उरले 73. त्यात टेबल, कपाट, खुर्ची, दार उघडायची जागा आणि तुम्ही दोघं. क्वीन बेड 60 बाय 80 इंचांचा असतो, म्हणजे जवळजवळ 9 चौरस फुटांची बचत. एक मोठी बॅग जमिनीवर पूर्ण उघडायला साधारण तेवढीच जागा लागते. ‘आमच्या सर्वांत लहान खोलीतही किंग बेड’ असं एखादं हॉटेल छाती फुगवून सांगतं, तेव्हा मला पाहुण्यांच्या बॅगांची काळजी वाटते. उलट बाजूही सांगते. ‘डबल’ या शब्दाला एक माप नाही. ब्रिटनमध्ये डबल 135 सेंटिमीटर रुंद असतो, जपानमध्ये ‘सेमी-डबल’ 120. दोघांत 120 म्हणजे माणशी दोन फूट. पंचवीस वर्षांच्या संसारालाही ते जड जातं. बेडची रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारा, नावात नको.

आता त्या घागरी. एल्स्वर्थ स्टॅटलर नावाच्या अमेरिकन हॉटेलवाल्यानं 1908 मध्ये बफेलो शहरात असं हॉटेल उघडलं, की ज्यात प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम होतं. त्या काळात ही चैन होती. ती परवडावी म्हणून त्यानं शेजारच्या दोन खोल्यांची बाथरूमं पाठीला पाठ लावून बांधली आणि सगळ्या मजल्यांचे नळ एकाच उभ्या कप्प्यातून वर नेले. आजही बहुतेक हॉटेलं याच आराखड्यावर उभी आहेत. तुमच्या उशामागच्या भिंतीत तो नळांचा कप्पा होता. वरच्या मजल्यावरचा माणूस साडेपाचला आंघोळीला गेला की त्याचं पाणी तुमच्या डोक्यामागून खाली यायचं.

पण तीच खोली तुम्हालाच का, हा खरा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. तो मी विचारते. रोज सकाळी साडेनऊला मी त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची यादी घेऊन खोल्या लावत असे. याला आम्ही ‘ब्लॉक करणं’ म्हणायचो. आधी वारंवार येणारे. मग ज्यांनी काही खास मागितलंय ते. मग थेट आमच्याकडे बुकिंग केलेले. सगळ्यात शेवटी बुकिंगच्या साइटवरून आलेले, कारण त्यांच्यापायी हॉटेलला दलाली मोजावी लागते आणि त्यांच्याबद्दल नावापलीकडे काही ठाऊक नसतं. आमच्याकडे शाफ्टकडच्या दोन खोल्या होत्या, 107 आणि 207. त्या कुणाच्या गळ्यात जायच्या? जो गप्प होता त्याच्या. तुमच्यावर त्या हॉटेलातल्या कुणाचा राग नव्हता. तुम्ही यादीतली एक ओळ होतात, बस.

म्हणून पुढच्या वेळी, बुकिंग कुठूनही करा, आदल्या दिवशी हॉटेलात फोन लावा. दुपारी दीडच्या सुमारास. अकराला चेक-आउटची गर्दी असते, तीनला चेक-इनची. मधे काउंटरवरच्या माणसाला श्वास घ्यायला वेळ असतो. ‘जरा चांगली खोली बघा’ म्हणू नका, त्याचा काही अर्थ होत नाही. मोजून तीन गोष्टी सांगा : लिफ्टपासून लांब, मधलं दार नसलेली, आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी खिडकी. मधलं दार म्हणजे शेजारच्या खोलीत उघडणारं दार, कुटुंबांसाठी ठेवलेलं असतं. दोन्हीकडून कुलूप असलं तरी ते दारच. शेजाऱ्याचा अलार्म तुम्हाला उठवणार. मजला सांगायचाच तर मधला सांगा. अगदी वर गच्चीवरच्या एसी यंत्रांची घरघर असते आणि अगदी खाली, प्रवेशदाराच्या डोक्यावर, रात्रभर बॅगांची चाकं वाजतात.

एवढं करूनही खोली पटली नाही तर दारातूनच परत खाली या. बॅग टेकवू नका, पलंगावर बसू नका, बाथरूम वापरू नका. तुम्ही चादरीवर बसलात की ती खोली आमच्या हिशेबी ‘डर्टी’. बदलून द्यायची म्हणजे हाऊसकीपिंगला पुन्हा माणूस लावायला हवा, आणि संध्याकाळी सहानंतर तो माणूस बहुधा घरी गेलेला असतो. दारातून परतलेल्या पाहुण्याला मी नेहमी दुसरी खोली दिली आहे, शिल्लक असेल तर. चपला काढून पाय पसरलेल्याला मात्र गोड हसून ‘उद्या बघते हं’ म्हटलंय.

प्रश्न : ‘बुटीक हॉटेल’ म्हणजे नेमकं काय? आमच्या ऑफिसजवळच्या साध्या लॉजनं पडदे बदलले आणि पाटीवर ‘बुटीक’ लिहिलं.

त्यांना कुणी अडवू शकणार नाही. तारांकित दर्जासाठी निकष असतात, तपासणी असते. ‘बुटीक’ हा शब्द कुणीही पाटीवर रंगवावा. ढोबळ मानानं शंभरच्या आत खोल्या आणि सजावटीला स्वतःचा असा एक चेहरा.

या प्रकाराची सुरुवात सांगताना अमेरिकेतली दोन नावं येतात. बिल किम्प्टननं 1981 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जुनी इमारत घेऊन छोटं हॉटेल काढलं. आणि 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर ‘मॉर्गन्स’ उघडलं. त्याचे मालक इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल, म्हणजे ‘स्टुडिओ 54’ हा गाजलेला नाइटक्लब चालवणारी जोडी. बाकीची हॉटेलं ही सगळं काही मिळणारी भलीमोठी दुकानं, आमचं मात्र निवडक मालाचं बुटीक, असं रुबेल म्हणायचा, त्यावरून हे नाव रुळलं असं सांगतात. मॉर्गन्सची सजावट आंद्रे प्युतमान या फ्रेंच बाईंनी केली. पैसे बेताचे होते, म्हणून बाथरूमला त्यांनी स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या फरशा बसवल्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. पुढे तो पटच त्यांची ओळख ठरला. लहान जागा आणि कमी पैसा यांतून डोकं लढवणं, ही या हॉटेलांची खरी परंपरा. पडदे बदलणं नव्हे.

माझी स्वतःची कसोटी फार साधी आहे. पलंगावर पडल्या पडल्या सगळे दिवे बंद करता येतात का? बाथरूमच्या दारामागे खुंटी आहे का? आणि चार्जिंगचा प्लग उशाशी आहे की टेबलामागे वाकून शोधावा लागतो? या तिन्ही गोष्टी जागेवर असतील तर खोली आखणारा तिथे एक रात्र तरी झोपला होता, असं समजा. भिंतीवर निऑनमध्ये काहीतरी खोडकर लिहिलंय आणि टॉवेल टांगायला जागा नाही, अशा खोल्या मी पुष्कळ पाहिल्यात.

आणि एक. कॅप्सूल हॉटेलशी याची गल्लत करू नका. ते वेगळंच प्रकरण. पहिलं 1979 मध्ये ओसाकात झालं, किशो कुरोकावा या वास्तुविशारदानं आखलेलं. तिथे खोली नसतेच, झोपण्यापुरता कप्पा असतो आणि बाथरूम सामाईक. बुटीकमध्ये खोली कितीही लहान असली तरी दार तुमचं असतं.

प्रश्न : माझी आई 78 वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तपासणीसाठी मोठ्या शहरात चार दिवस राहायचं आहे. हॉस्पिटलजवळच्या एका छोट्या हॉटेलच्या माहितीत ‘लिफ्ट : आहे’ असं दिलंय. एवढं पुरेसं आहे का?

नाही. हे वाचून मला आमची लाज आठवली. आमच्याही माहितीत ‘लिफ्ट : आहे’ असंच होतं आणि ते खरं होतं. फक्त त्या लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या होत्या. जुनी इमारत, तिला नंतर लिफ्ट बसवलेली. असं पुष्कळ छोट्या हॉटेलांत असतं : लिफ्ट अर्ध्या मजल्यावरून सुरू होते, किंवा दोन मजल्यांच्या मधे थांबते, किंवा शेवटचा मजला जिन्यानंच. एकदा एका वृद्ध गृहस्थांना आम्ही दोघांनी खुर्चीत बसवून त्या पाच पायऱ्या चढवलं. ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा मुलगा जे बोलला ते इथे छापता येणार नाही, पण त्याचं बरोबर होतं.

म्हणून फोनवर असं विचारा : ‘रस्त्यावर गाडीतून उतरल्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत?’ लिफ्ट आहे का, हे विचारूच नका. काउंटरवरचा माणूस अडखळला तर त्याला चालत जाऊन मोजून यायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. मजल्यांच्या आकड्यांवरही विसंबू नका. अमेरिकेत रस्त्यालगतच्या मजल्याला पहिला म्हणतात, ब्रिटनमध्ये त्याच्या वरच्याला.

खरा धोका मात्र बाथरूममध्ये असतो. टब आहे की नुसता शॉवर, ते विचारा. टबाची कड ओलांडायला पाय गुडघ्यापर्यंत उचलावा लागतो, तोही ओल्या फरशीवर. आईंना ते जमणार नाही. शॉवरला उंबरा नको. धरायला दांडी आहे का, हेही विचारा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर ती भिंतीत पक्की बसवलेली आधाराची दांडी आहे की टॉवेलची, हे पुन्हा विचारा. टॉवेलच्या दांडीला हात घालून ती उपटून आलेली मी पाहिली आहे. चाकाची खुर्ची न्यायची असेल तर दाराची मोकळी रुंदी मागा. अमेरिकेच्या नियमात ती किमान 32 इंच आहे. जुन्या इमारतींच्या बाथरूमची दारं त्याहून अरुंद निघतात.

हे सगळं विचारताना संकोच वाटू देऊ नका. नीट उत्तर न देणारं हॉटेल हॉस्पिटलला कितीही जवळ असलं तरी सोडा. दहा मिनिटं गाडीत बसणं आईंना त्या पाच पायऱ्यांपेक्षा सोपं जाईल.

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांची आहे. नोकरीच्या ट्रेनिंगसाठी पहिल्यांदाच एकटी हॉटेलात राहणार आहे. पोचायला रात्रीचे साडेअकरा होतील. घरचे घाबरलेत आणि खरं सांगायचं तर मीही.

तू उशिरा पोचणार आहेस, हे हॉटेलला कळवलं आहेस का? पहिली गोष्ट ती. रात्री दिवसाचा हिशेब बंद होतो, त्याला नाइट ऑडिट म्हणतात. तोवर न आलेल्या पाहुण्याला ‘नो-शो’ धरायची वेळ येते. त्यात 32 खोल्यांच्या हॉटेलात एका खोलीचा नळ फुटला तरी रात्री उशिरा येणाऱ्या कुणाला तरी दुसऱ्या हॉटेलात धाडावं लागतं. आम्ही त्याला ‘वॉक करणं’ म्हणायचो. आणि तो कुणीतरी म्हणजे ज्यानं फोन केलेला नाही तो. संध्याकाळी सहाच्या आत फोन कर, गाडीची वेळ सांग, बोलणाऱ्याचं नाव लिहून घे. नावानिशी दिलेला शब्द मोडणं कठीण जातं.

त्याच फोनवर हेही विचार : रात्री रिसेप्शनवर माणूस असतो की मोबाइलवर दाराचा कोड येतो? अनेक छोट्या हॉटेलांत दहानंतर कुणी नसतं. त्यात बेकायदा काही नाही, पण साडेअकराला अनोळखी रस्त्यावर कोड चालला नाही तर काय, याचं उत्तर तुझ्याकडे हवं. पहिल्याच वेळी एकटी जाते आहेस, तर मी तुला माणूस असलेलं हॉटेल घे म्हणेन.

चेक-इन करताना खोलीचा नंबर मोठ्यानं उच्चारायचा नसतो. कार्डच्या पाकिटावर लिहून द्यायचा असतो. लॉबीत चार माणसं बसलेली असताना कुणी ‘मॅडम, तुमची 304’ असं म्हटलं, तर शांतपणे दुसरी खोली माग. कारण विचारणार नाहीत. शिकवलेलं विसरल्याचं त्यांना लगेच कळतं. कार्डवर खोलीचा नंबर छापलेला नसतो तोही याचसाठी. कार्ड हरवलं तर संकोच न करता लगेच सांग. नवं कार्ड करून ते दाराला लावलं की जुनं त्या कुलपात चालत नाही. कार्डची ही युक्ती तोर सॉर्नेस या नॉर्वेच्या गृहस्थानं 1970 च्या दशकात काढली, आणि रिसेप्शनवाल्यांवर त्याचे उपकार आहेत. त्याआधी किल्ली हरवली की अख्खं कुलूप बदलावं लागायचं.

खोलीत शिरलीस की बॅग ठेव आणि परत बाहेर ये. तुझ्या दारापासून आगीच्या जिन्यापर्यंत मधे किती दारं आहेत ते मोज. धुरात पाटी दिसत नाही. भिंतीला हात लावून वाकून जाताना दारं मोजता येतात. मी अजूनही जिथे जाते तिथे मोजते, नातेवाइकांकडे लग्नाच्या हॉलवरसुद्धा. मग आत येऊन वरची कडी लाव. कुणी ‘मेंटेनन्स’ म्हणून टकटक केली तर दार न उघडता खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनला विचार. खरा मेंटेनन्सवाला याचा राग धरत नाही.

आणि घरच्यांना पोचल्याचा फोन आधी कर, आंघोळ नंतर.

प्रश्न : दोघी मैत्रिणी ट्रिपला गेलो. बाथरूमला काचेची भिंत! कोण असले प्रकार करतं?

जो खोली विकतो तो. काचेमुळे बाथरूमला खिडकीचा उजेड मिळतो आणि फोटोत खोली दीडपट दिसते. सरकतं दारही त्याच हिशेबाचं : अडीच फुटांचं साधं दार उघडायला पाच चौरस फूट खातं, सरकतं दार काहीच खात नाही. पण त्याला फट राहते, त्यामुळे आवाज आणि बाकी सगळंही बाहेर येतं. बुकिंग करताना फक्त पलंग दोन आहेत का एवढंच बघू नका. ‘बाथरूमला पूर्ण बंद होणारं दार आणि काच असल्यास पडदा’ असं विचारा. पलंगांचंही, दोन वेगळे हवेत की जोडून ठेवलेले, तेही सांगा. जोडून ठेवलेल्याला या धंद्यात ‘हॉलिवूड ट्विन’ म्हणतात, आणि तोही कागदोपत्री ट्विनच असतो. तुम्ही आता अडकलाच असाल तर एकीनं आंघोळीच्या वेळी लॉबीत जाऊन बसायचं. लहान हॉटेलांच्या लॉब्या एवढ्या सजवलेल्या असतात, त्या यासाठीच की काय, अशी मला नेहमी शंका आली.

प्रश्न : हॉटेलात पहिल्या रात्री मला झोप लागत नाही. दुसऱ्या रात्री व्यवस्थित लागते. कामासाठी महिन्यातून दोनदा एकेक रात्र राहावं लागतं, म्हणजे माझी प्रत्येक रात्र पहिलीच!

तुमचं मन हळवं वगैरे नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. अनोळखी आवाजाला तो लवकर जागा होतो. डोक्यातला अर्धा पहारेकरी डोळे उघडे ठेवून बसलेला असतो म्हणा ना.

तुम्हाला यातून एक मार्ग आहे, आणि तो छोट्या हॉटेलातच निघतो. तेच हॉटेल धरा आणि तीच खोली मागा. महिन्यातून दोनदा येणारा माणूस हा आमच्यासाठी सोनं असतो. तिसऱ्या खेपेला त्याची खोली मी न सांगता ब्लॉक करत असे. मेंदू तुमचा असल्यामुळे हमी मी देत नाही, पण ओळखीचं छत, ओळखीचा स्विच आणि अंधारात न चुकता सापडणारं बाथरूम एवढं तरी पदरात पडतं.

बाकी आवाजाचं : झोपण्याच्या खोलीत 30 डेसिबलच्या आसपास असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. लहान खोलीत छोटा फ्रिज तुमच्या डोक्यापासून चार फुटांवर असतो. रात्री त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की तुमचा पहारेकरी दचकतो. तो बंद करून द्यायला सांगा. एसीचा पंखा ‘ऑटो’वर ठेवू नका, एका गतीवर सलग चालू ठेवा. सलग आवाजाची सवय होते, चालू-बंद होणाऱ्याची होत नाही.

प्रश्न : ढेकणांची फार भीती वाटते. इतक्या महागड्या, चकचकीत हॉटेलांत असतात का?

असू शकतात. ढेकूण अस्वच्छतेमुळे नाही, बॅगेतून येतो, आणि महागड्या हॉटेलात बॅगा जास्तच येतात. खोलीत शिरल्यावर बॅग आधी बाथरूमच्या फरशीवर ठेवा. मग चादर उचलून गादीच्या कोपऱ्यातली शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडची फट मोबाइलच्या उजेडात बघा. वाढलेला ढेकूण 5 मिलिमीटरच्या आसपास, तपकिरी; बरेचदा तो दिसत नाही, शाई सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात. ते दिसले तर खोली बदलून मागा, पण लगतची, अगदी वरची किंवा खालची नको. भिंतीतल्या फटींतून ते तिथवर पोचलेले असू शकतात. एक मिनिटाचं काम आहे. मग खुशाल बॅग आणा.

प्रश्न : मी रात्रपाळी करतो. कंपनी दोन आठवडे दुसऱ्या शहरात छोट्या हॉटेलात ठेवणार आहे. मला सकाळी आठ ते दुपारी तीन झोपायचं असतं. कशी खोली मागू?

तुम्ही शाफ्टकडची मागा. इतर सगळे जिला नाकं मुरडतात ती. दिवसा अंधार, रस्त्याचा आवाज नाही, ऊन येत नाही. नळांचा गोंगाट पहाटे साडेपाच ते आठ असतो, तेव्हा तुम्ही कामावर. फक्त बोळाच्या टोकाची घ्या, कारण दहा ते दोन हाऊसकीपिंगची वेळ. ढकलगाडी, व्हॅक्यूम क्लीनर आणि मुलींच्या गप्पा. दारावर नुसती ‘डिस्टर्ब करू नका’ची पाटी लावून भागत नाही, चेक-इनलाच सांगा की खोली साडेतीननंतर साफ करा, आणि ते कॉम्प्युटरवर टिपून ठेवायला लावा. पाटी दुपारपर्यंत तशीच राहिली की बरेचदा काळजीपोटी फोन येतो. मी स्वतः असे फोन केलेत.

9 वर्षांत आमची 107 नंबरची खोली स्वतःहून मागणारी एकच पाहुणी मला भेटली. विमानांच्या देखभालीचं काम करणारी इंजिनिअर, कायम रात्रपाळी. पहिल्यांदा तिनं फोनवर विचारलं, ‘तुमच्याकडे अजिबात उजेड न येणारी खोली आहे का?’ मला वाटलं टोमणा मारते आहे. मी सवयीनं माफी मागून टाकली.